नव्वद नंबरातला भुसा

मी मनात धरणारी बाई आहे. माणसं म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. मला सोडता येत नाही. आठवीत एका मुलीने माझ्या वहीतली चित्रं स्वतःची म्हणून बाईंना दाखवली होती. बारा वर्षांनी तिच्या लग्नात मी पोटभर जेवले आणि आहेराच्या पाकिटात कोरा कागद घालून आले. तेव्हा आमच्या दाजींनी भर मांडवात केलेला पाणउतारा मी गिळून टाकेन असं ज्यांना वाटलं, त्यांनी मला ओळखलंच नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. बीडला राहतात. जुन्या गाड्या घ्यायच्या, पत्रा ठोकायचा, रंग मारायचा, सीटला नवं कव्हर चढवायचं आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा. अंगात कायम पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात पांढरे बूट. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला एक जुनी जीप दिली. "घरातल्या मानसाला देतोय. खोट निघाली तर माझं नाव बदला," असं म्हणून दिली.

जीप हवी होती मला. आमचं गाव चकलांब्याच्या अलीकडे आणि माझी शाळा त्याच्याही पुढे, एका तांड्यावर. एसटी तिकडे जात नाही. नवऱ्याला चारचाकी जमत नाही. लग्नाआधी त्याने ट्रॅक्टर कॅनॉलमध्ये घातला होता, तेव्हापासून तो स्टिअरिंगला हात लावत नाही. त्यामुळे जीप मीच चालवायची. त्याआधी चार वर्षं मी कधी कडब्याच्या टेम्पोत, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेत गेले. रोज कुणाला तरी विचारायचं, रोज कुणाची तरी वाट बघायची, आणि त्यावरून गावाने जे बोलायचं ते बोलायचं. जीपची चावी पर्समध्ये आली तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा मी कुणाला न विचारता घराबाहेर पडले. ज्याच्या हातात जन्मापासून चावी आहे त्याला ते सुख नाही कळायचं.

पहिलं वर्षभर जीप गप होती. मग हळूहळू मागच्या बाजूने घुंऽऽ असा आवाज यायला लागला. मी दाजींना फोन केला. ते म्हणाले, "चालवताना जरा ध्यान द्या, मॅडम." मी शिक्षिका असल्याने ते मला मॅडम म्हणतात, पण ते म्हणणं नमस्कारासारखं नसतं, ते चिमटा काढल्यासारखं असतं.

मग पालीला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. मी सासू-सासऱ्यांना आणि नवऱ्याला घेऊन जीपने गेले. मांडवाजवळ पोचले तर चार माणसांनी वळून पाहिलं. दाजी खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आल्या का मॅडम? गाडीच्या आधी गाडीची बोंब आली. क्लचवर पाय ठिवून झोपत्यात ह्या. आमच्या गोठ्यातली म्हैस बी बरी चालवंल." मांडवातली झाडून सगळी माणसं हसली. माझा नवराही हसला. ताई, म्हणजे माझी नणंद, तेवढ्या खाली बघत होत्या.

एवढ्यावर थांबले असते तरी मी फक्त मनात ठेवलं असतं. पण दाजी सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मामा, अधिक महिन्यात धोंड्याला येतो तवा ती जीप घिऊन जातो. अजून ठिवली तर भंगारात बी कोनी घेनार न्हाई. बदल्यात एक स्कुटी देतो. बाईमानसाला तेवढं बस हाय." सासऱ्यांनी मान हलवली. तांड्याच्या वाटेवर पावसाळ्यात गुडघाभर काळा चिखल असतो. तिथे स्कुटी म्हणजे मी पुन्हा टेम्पोत. जून उजाडायच्या आत माझी चावी जाणार, हे त्या मांडवात बुंदी वाढता वाढता ठरून गेलं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. त्याने मला जीप शाळेपर्यंत नेऊन परत आणायला लावली, स्वतः मागच्या सीटवर आडवा होऊन ऐकत बसला. उतरल्यावर म्हणाला, "क्लचचा काय बी संबंध न्हाई, बाई. आवाज मागच्या गोळ्यातून हाय."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद तिथे येते आणि दोन्ही चाकांना वाटली जाते. वळणावर बाहेरचं चाक जोरात आणि आतलं हळू फिरू शकतं, ते त्याच्या आतल्या दातेरी चाकांमुळे. त्याला डिफ्रन्शियल म्हणतात. त्यात जाड तेल असतं, नव्वद नंबरचं. ते बदलून बघा, आत काय आहे ते तेलच सांगेल, असं मिस्त्री म्हणाला.

"मग तुम्हीच बदला ना," मी म्हटलं.

त्याने इकडे तिकडे बघितलं. "बाई, मला जुने पार्ट तुमच्या दाजींकडूनच येत्यात. माझं नाव घिऊ नका. पाना देतो, तुमीच करा. फकस्त एक ध्यानात ठिवा. आधी वरचं बूच सोडवा. वरचं निघालं तरच खालचं काढायचं. न्हाईतर तेल सगळं सांडून बसाल आन नवं भरायला जागा ऱ्हानार न्हाई."

गेवराईहून तेल आणलं. दुकानदार म्हणाला, "साहेबांना पाठवा, बाई, कोणतं पाहिजे ते तुम्हाला नाही समजायचं." मी गाडीचं वर्ष, तेलाचा नंबर आणि लिटर सांगितले. तो डबा काढायला गेला.

उन्हाळ्याची सुट्टी होती. नवरा रानात, सासरे पारावर, सासूबाई शेजारी शेवया करायला गेल्या होत्या. मी जीप विहिरीपर्यंत फिरवून आणली, म्हणजे तेल गरम होऊन पातळ व्हावं. अंगणात सपाट जागा बघून उभी केली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. जुना गाऊन घातला, डोक्याला टॉवेल बांधला आणि पोत्यावर उताणी होऊन गाडीखाली सरकले.

वरचं बूच काही केल्या हलेना. डिझेल सोडून अर्धा तास वाट पाहिली. मग पान्याच्या दांड्यात बोअरच्या पाइपाचा तुकडा घातला, म्हणजे दांडा लांब झाला, आणि दोन्ही पाय चाकाला लावून ओढलं. प्रत्येक हिसक्याला मी दाजींचं नाव घेत होते. नावापुढे काय म्हणत होते ते शिक्षिकेने लिहू नये. सातव्या का आठव्या हिसक्याला बूच कुरकुरलं आणि फिरलं. मला इतका आनंद झाला की मी गाडीखालीच हसले.

मग खाली घमेलं ठेवून खालचं बूच काढलं. सडक्या अंड्यासारखा वास आला. तेल धारेने पडायला हवं होतं, ते काळ्या लापशीसारखं थबकत थबकत पडलं. मधेच थांबलं. मी भोकात तार घातली तर एक गठ्ठा सुटून घमेल्यात आपटला. बोटावर घेऊन चोळला. लाकडाचा भुसा. सुतारकामाचा, बारीक, तेलात भिजून काळा झालेला. मूठभर नाही, चांगला शेरभर निघाला.

मिस्त्रीकडे धावत गेले. त्याने बोटावर बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग त्याने सांगितलं, आतले दाते झिजलेले असले की गाडी ओरडते, म्हणून विकताना तेलात भुसा कोंबतात. वर्षभर आवाज दबतो. मग भुसा जळतो, गाळ होतो आणि आवाज पुन्हा डोकं वर काढतो. तोवर गाडी घेणारा चालवणाऱ्याच्या नावाने खडे फोडत असतो.

म्हणजे दाजींनी घरच्या माणसाला झिजलेली गाडी दिली, तिचं तोंड भुशाने दाबलं, आणि वर भर मांडवात मला म्हैस ठरवलं. त्या दुपारी मला जे वाटलं तो राग नव्हता. रागात माणूस थरथरतो. माझे हात एकदम स्थिर झाले. मी ठरवलं, ह्या माणसाला मी असा सोडणार नाही.

आधी काम पुरं केलं. पातळ तेल घालून आतून धुऊन काढलं, खालचं बूच घट्ट केलं. नवं तेल वर चढवायला माझ्याकडे पंप नव्हता. ठिबकची नळी कापून तिला चाडी, म्हणजे नरसाळं, लावली, चाडी सीटच्या उंचीवर धरली आणि मधासारखं जाड तेल इंच इंच खाली सोडलं. वरच्या भोकातून तेल बाहेर ओघळलं की भरलं असं समजायचं. दीड तास लागला. हात भरून आले. बूच बसवलं, अंघोळ केली आणि गाडी घेऊन निघाले.

आणि जीप अशी बोंबलली की कडेच्या शेळ्या उधळल्या.

भुसा होता तोवर आवाज अर्धा तरी दबलेला होता. मी तो धुऊन काढला आणि खरा आवाज बाहेर आला. पारावरून सासरे उठून उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. "चावी दे. आता हात लावू नको गाडीला. पाव्हणे येऊन घिऊन जातील." मी भुशाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास बसलेला दिसला नाही. नवरा म्हणाला, "तेलात कचरा जातच असतो. दाजींवर उगं आळ कशाला घेतीस?" चावी सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात गेली.

पुरावा दाखवावा म्हणून मी अंगणात गेले तर घमेलं जवळजवळ रिकामं. आमच्याकडे जुनं काळं तेल कुणी टाकून देत नाही. लाकडाला लावलं की वाळवी, आमच्याकडची उदई, लागत नाही. सासूबाईंनी शेजारून आल्या आल्या घमेलं उचललं होतं आणि गोठ्याच्या मेढींना, म्हणजे छपराच्या लाकडी खांबांना, जुन्या केरसुणीने सगळं फासून टाकलं होतं. "बरं झालं, आयतंच सापडलं," म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं. तीन वर्षांचा माझा पुरावा त्या बाईने गोठ्याला माखला होता.

बऱ्याच वेळाने मी मेढीजवळ जाऊन बघितलं. लाकडावर भुशाचे गोळे तसेच चिकटलेले होते. तेल सुकलेलं नव्हतं, नव्वद नंबर सहजी सुकत नाही. मी बोट लावून बघत उभी राहिले, आणि माझं रडणं थांबलं.

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. त्या दिवशी तो जावई नसतो, नारायण असतो. सासू-सासरे त्याचे पाय धुतात, तेहतीस अनारशांचं ताट आणि दिवा देतात, नवे कपडे देतात, आणि ते त्याने तिथल्या तिथे घालायचे असतात. त्याला कुणी उणा शब्द बोलायचा नसतो. दाजींना पांढरंच लागतं, म्हणून सासूबाईंनी पांढरा शर्ट आणला होता.

दुपारी आमच्याकडे लाईट नसते. पंखे बंद पडले की पुरुषमाणसं गोठ्याच्या सावलीत बसतात, वर कडब्याचं जाड छप्पर असतं. आदल्या संध्याकाळी मी घमेल्याच्या तळचा गाळ खरवडला आणि मधल्या मेढीला माझ्या हाताने आणखी एकदा फासला, बसलेल्या माणसाची पाठ जिथे टेकते बरोबर तिथे. सकाळी बाजलं त्या मेढीला भिडवून टाकलं, वर धुतलेली सतरंजी घातली. लोड मात्र मुद्दाम ठेवला नाही.

दाजी आणि ताई एसटीने आले. त्या आठवड्यात दाजींनी स्वतःची गाडीही विकली होती. पाय धुणं झालं, ओवाळणं झालं, शर्ट चढवला. तुपात बुडवलेले पुरणाचे पाच धोंडे खाल्ले. जेवता जेवता ताईंना म्हणाले, "बघ, शिक जरा आईकडून. तुला आठ वर्सांत पुरन जमंना." ताईंनी पुन्हा खाली बघितलं. मग दाजी हात पुसत गोठ्यात गेले आणि बाजल्यावर बसून आरामात मागे टेकले. सासरे समोर सुपारी कातरत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"चावी काढून ठिवा मामा," दाजी म्हणाले. "ऊन खाली झालं की निघतो गाडी घिऊन." आणि पाणी घ्यायला पुढे वाकले.

शर्ट मेढीला चिकटला होता, तो चरचरत सुटला. त्यांनी पाठीमागे हात नेला, पुढे आणला. पंजा काळाकुट्ट.

"आरं, काय हाय हे? नवा शर्ट!"

सासूबाई धावत आल्या. "अगं बाई! आवो, ते जीपचं जुनं तेल हाय. मीच लावलंय उदईला."

दाजींनी बोटं चोळली, नाकाशी नेली. त्यांच्या कपाळावर आठी पडली ती शर्टासाठी नव्हती, मला दिसलं. "मागच्या गोळ्याचं तेल? कुन्या येड्यानं काढलं?"

"मी," मी म्हटलं.

"तुमी? आवो मॅडम, भुसा काढून टाकला तुमी! त्या भुश्यावर तर गाडी गप व्हती! आता बोंबलंल न्हाई तर काय!"

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला.

"पाव्हणं," सासरे सावकाश म्हणाले, "आत भुसा व्हता हे तुमाला कसं म्हाईत?"

दाजींनी काळा पंजा सतरंजीला पुसला. "म्हंजे... बाजारात लोक टाकत्यात... वासावरून..."

"आमच्या घरात तर कुनाला ठाऊक नव्हतं. सुनेनं सांगितलं, तर आमी तिचं बी खरं धरलं न्हाई."

नारायणाला उणं बोलायचं नसतं, म्हणून त्यापुढे कुणी काही बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर दाजी भांडून मोकळे झाले असते. त्या शांततेत त्यांना तसंच बसून राहावं लागलं, पाठीला काळा चिखल घेऊन. माझ्या नवऱ्याने मान खाली घालून स्वतःचा एक चौकड्याचा शर्ट आणून दिला. तो दाजींना पोटावर लागेना, खालची दोन बटणं उघडी राहिली. मी डोळे भरून पाहिलं. मला पश्चात्ताप झाला नाही, अजूनही होत नाही.

सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून चावी काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. "बाई, पाव्हण्यांना गेवराईला एसटीवर सोडून ये. आन चावी तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

दाजींच्या अंगाला अजून तेल होतं, म्हणून मी पुढच्या सीटवर जुने पेपर अंथरले. ताई मागे बसल्या, मांडीवर अनारशांचं ताट घेऊन. रस्त्याला लागलो आणि जीप ओरडायला लागली. तो आवाज चाळीसच्या वेगाला सगळ्यात मोठा येतो हे मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. मी काटा चाळीसवर आणला आणि तिथेच धरला. गावागावातली माणसं वळून बघत होती, आणि काचेला लागून दाजी बसलेले होते. असे पाच मैल गेले.

मग न राहवून म्हणाले, "जरा पळवा की. पन्नासच्या पुढं गेली की आवाज कमी हुतो."

मी काही बोलायच्या आधी मागून ताईंचा आवाज आला. आठ वर्षांत मी त्यांना नवऱ्याचं वाक्य तोडताना ऐकलं नव्हतं.

"वहिनी, हाय तशीच चालवा. मला काय घाई न्हाई."

मी आरशात बघितलं. ताईंनी पदर तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मी चाळीसवरच ठेवली. गेवराई अजून बरीच लांब होती.